डॉ. अलॉइस अल्झायमर

बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी इ. स. १८५३ सालीं ठाण्यास येऊन थांबली, ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानानें सांगतों. पण ठाण्याचें नांव मुंबईकरांच्या तोंडीं दुसऱ्याही एका निमित्तानें बसलेलें आहे, व तें तितकेंसें गौरवाचें नाहीं. कोणी जरा भ्रमिष्टासारखें बोलूं लागला, कीं ह्याला आतां ठाण्यास पोंचवावें लागणार, अशी थट्टा करण्याचा प्रघात आपल्याकडे फार दिवसांचा आहे. ह्या थट्टेचें मूळ येथील मनोरुग्णालयांत आहे. नरोत्तमदास माधवदास यांच्या नांवानें ओळखलें जाणारें हें इस्पितळ १९०१ सालीं स्थापन झालें.

त्याच सालच्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरच्या अशाच एका इस्पितळांत एक्कावन्न वर्षांची एक बाई दाखल झाली. तिला ज्या डॉक्टरांनीं तपासलें त्यांचें नांव आज डोंबिवलीच्या बैठ्या चाळींत व ठाण्याच्या तलावपाळीवरील म्हाताऱ्यांच्या बैठकींतही ऐकूं येतें. मात्र तें एका रोगाचें नांव म्हणून. तें एका हाडामांसाच्या माणसाचें आडनांव होतें, हें पुष्कळांच्या ध्यानींही येत नाहीं.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजीं बव्हेरिया प्रांतांत माइन नदीच्या कांठीं वसलेल्या मार्क्टब्राइट ह्या लहानशा गांवीं झाला. वडील एडुआर्ड हे सरकारी नोटरी होते. पहिली पत्नी बाळंतरोगानें वारल्यावर त्यांनीं तिच्याच बहिणीशीं लग्न केलें, व ह्या दुसऱ्या संबंधापासून अलॉइस झाले. पुढें मुलांच्या शिक्षणाची नीट सोय व्हावी म्हणून हें कुटुंब आशाफेनबुर्ग येथें राहावयास गेलें. शाळेंत अलॉइस यांची गति सृष्टिशास्त्रांत विशेष होती. १८८३ सालीं शालेय शिक्षण संपवून त्यांनीं वैद्यकाचा अभ्यास धरला, व तो बर्लिन, ट्यूबिंगेन आणि वुर्झबुर्ग अशा तीन ठिकाणीं पुरा केला.

हे विद्यार्थी म्हणजे केवळ पुस्तकांतले किडे होते असें मात्र कोणी समजूं नये. देहानें ते धिप्पाड होते व स्वभावानें आनंदी. त्या काळच्या जर्मन विद्यार्थ्यांत तलवारीच्या द्वंद्वांची जी खुळचट रीत होती तिच्यांतही ते पडले, आणि डाव्या गालावर एक व्रण जन्माची खूण म्हणून घेऊन आले. पदवीसाठीं त्यांनीं १८८७ सालीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय कानांतील मळ उत्पन्न करणाऱ्या ग्रंथी हा होता. विषय ऐकून आमच्या विद्यार्थिमित्रांना हसूं येईल. पण सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं शरीराचा एखादा अगदीं क्षुद्र भाग धरून तासन्‌तास न कंटाळतां पाहात बसण्याची संवय त्यांना ह्याच कामांत लागली, व जन्मभर हीच संवय त्यांच्या उपयोगी पडली.

आपल्या कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी ह्या अल्झायमर यांच्याहून नऊ महिन्यांनीं लहान. १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टरची पदवी मिळवून त्या परत आल्या, आणि इकडे हा जर्मन विद्यार्थी आपला प्रबंध पुरा करीत होता त्याच वर्षीं क्षयानें त्यांचें निधन झालें. एकाच पिढींतील दोन डॉक्टरांपैकीं एकीला रोगी तपासण्यास अवधिही मिळाला नाहीं, हें मनांत आल्यावांचून राहात नाहीं.

१८८८ सालच्या अखेरीस अल्झायमर फ्रँकफुर्ट येथील वेड्यांच्या व अपस्माराच्या रोग्यांच्या नगर-इस्पितळांत साहाय्यक डॉक्टर म्हणून रुजू झाले. तेथील प्रमुख एमिल झिओली हे उदार विचारांचे गृहस्थ होते. रोग्यांना बांधून ठेवणें, कोंडून घालणें हे जुने प्रकार शक्य तितके बंद करून त्यांना मोकळेपणानें वावरूं द्यावें, चित्त फार क्षुब्ध झालें तर कोमट पाण्यांत पुष्कळ वेळ बसवावें, असा त्यांचा क्रम होता. पुढल्या वर्षीं फ्रान्झ निस्सल हे दुसरे तरुण डॉक्टर तेथें आले. मेंदूचे अति पातळ काप काढून त्यांतील पेशी रंगानें उठून दिसाव्या अशी युक्ति निस्सल यांनीं शोधून काढिली होती. दिवसा दोघेही रोग्यांमध्यें हिंडत व रात्रीं सूक्ष्मदर्शकाशीं बसत. मनाचे विकार कांहीं हवेंत उत्पन्न होत नाहींत, त्यांतील कित्येकांच्या खुणा मेंदूंत सांपडल्याच पाहिजेत, हा दोघांचा विश्वास होता. त्या वेळीं असें मानणारे थोडे होते.

१८९४ सालीं अल्झायमर यांनीं सेसिली ह्या श्रीमंत विधवा बाईशीं विवाह केला. त्यांना तीन मुलें झालीं. परंतु हा संसार सात वर्षेंच टिकला. १९०१ च्या फेब्रुवारींत सेसिली वारली, तेव्हां धाकटी मुलगी अगदीं तान्ही होती. मुलांना सांभाळण्यास अल्झायमर यांची बहीण येऊन राहिली, व ते स्वतः दुःख विसरण्यासाठीं पूर्वींपेक्षांही अधिक वेळ इस्पितळांत घालवूं लागले. अशा मनःस्थितींत असतां त्या सालच्या २५ नोव्हेंबर रोजीं ऑगस्टा डेटर ही बाई त्यांच्यापुढें आली.

ऑगस्टेचा नवरा कार्ल हा रेल्वेच्या कचेरींत कारकून होता. कल्याण-डोंबिवलीकडे अशीं कुटुंबें घरोघर आहेत, म्हणून त्या घरची स्थिति आपणांस सहज कल्पितां येईल. नीटनेटका संसार करणारी ही बाई कांहीं महिन्यांपासून बदलली होती. प्रथम नवऱ्यावर तिचा संशय जडला. मग स्वयंपाक बिघडूं लागला, वस्तु भलत्याच ठिकाणीं दडविल्या जाऊं लागल्या, आणि स्वतःच्या घरांतच ती वाट चुकल्यासारखी या खोलींतून त्या खोलींत फिरूं लागली. शेवटीं नवऱ्याचा इलाज चालेना.

दुसऱ्या दिवशीं अल्झायमर यांनीं तिच्याशीं केलेलें बोलणें जसेंच्या तसें टिपून ठेविलें. नांव विचारतां तिनें आपलें नांव सांगितलें. आडनांव विचारतां पुन्हां तेंच सांगितलें. नवऱ्याचें नांव विचारतां थोडी घुटमळली, व पुन्हां आपलेंच नांव तिनें पुढें केलें. दुपारीं ती फुलकोबी व मांस खात बसली असतां काय खातेस असें विचारिलें, तर तिनें पालकाच्या भाजीचें नांव घेतलें. किल्ली, पेन्सिल असल्या वस्तु दाखविल्यास ती बरोबर ओळखी, पण थोड्या वेळानें आपणांस काय दाखविलें हें तिला आठवत नसे. आपलें कांहीं तरी हरवत चाललें आहे इतकी जाणीव मात्र तिला होती, आणि ती तसें सांगतही असे. डॉक्टर कित्येक दिवस नित्य तिच्याजवळ जाऊन बसत व लिहून घेत. औषध त्यांच्यापाशीं नव्हतें.

येथें थोडें थांबून आपल्या घरांकडे पाहूं. साठी बुद्धि नाठी ही म्हण मराठींत लहान मुलासही पाठ असते. आजोबा तेंच तेंच विचारूं लागले, आजी जेवून उठल्यावर जेवावयास कां वाढलें नाहीं म्हणून रुसूं लागली, कीं आपण म्हातारचळ लागला असें म्हणून मोकळे होतों. कोणी हंसतो, कोणी चिडतो. युरोपांतही त्या वेळीं हीच समजूत होती. वय झालें कीं बुद्धि झिजावयाचीच, त्यांत रोग तो कसला, असें डॉक्टरही मानीत. ऑगस्टेच्या बाबतींत ही समजूत लागू पडेना, कारण तिचें वय अवघें एक्कावन्न होतें. म्हातारपण नाहीं आणि म्हातारचळ मात्र आहे, हें कोडें अल्झायमर यांना स्वस्थ बसूं देईना.

१९०३ सालीं ते हायडेलबर्गवरून म्युनिक येथें एमिल क्रेपेलिन या त्या काळच्या अग्रगण्य मनोविकारतज्ज्ञांच्या हाताखालीं गेले. तेथें त्यांना प्रथम पगार नव्हता; पत्नीच्या मागें राहिलेल्या पैशावर त्यांचा चरितार्थ चाले व प्रयोगशाळेचा खर्चही कांहीं अंशीं ते स्वतःच सोशीत. देशोदेशींचे तरुण त्यांच्यापाशीं शिकण्यास येत. लायबेरियांत जन्मलेले व अमेरिकेंत शिकलेले, एका गुलामाचे नातू सॉलोमन फुलर हे त्यांतलेच. अल्झायमर यांची शिकविण्याची तऱ्हा निराळी होती. ते प्रत्येकाच्या सूक्ष्मदर्शकाशीं जाऊन बसत, पेटलेली चिरूट बाजूस ठेवीत, आणि समजावून देण्याच्या भरांत ती तेथेंच विसरून पुढच्याकडे जात. दिवस संपतां संपतां प्रत्येक मेजावर चिरुटीचें एकेक थोटूक राहिलेलें असे, असें त्यांचे शिष्य सांगत. स्मृतीच्या रोगावर जन्म घालविणाऱ्या गृहस्थाचा हा विसरभोळेपणा गमतीचा खरा.

फ्रँकफुर्ट सोडलें तरी ऑगस्टेची विचारपूस त्यांनीं सोडली नाहीं. ८ एप्रिल १९०६ रोजीं ती वारली. शेवटीं ती गुडघे पोटाशीं घेऊन नुसती पडून असे; अंथरुणाला खिळल्यानें अंगास झालेल्या जखमा चिघळून रक्त दूषित झालें व त्यांत तिचा अंत झाला. झिओली यांनीं तिचे कागद व मेंदू म्युनिकला पाठवून दिला. मेंदू आक्रसलेला होता. चांदीच्या क्षारानें रंगविण्याची जी नवी रीत बील्शोव्हस्की यांनीं नुकतीच काढिली होती ती वापरून पाहातां दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. अनेक पेशींच्या आंत सुतासारखे तंतु गुंतून त्यांचा गुंता झाला होता. कांहीं ठिकाणीं पेशी नाहींशी होऊन नुसता गुंताच राहिला होता. आणि पेशींच्या बाहेर, मेंदूच्या सालीभर, कसल्या तरी निराळ्या द्रव्याचे बारीक ठिपके विखुरले होते. हें द्रव्य अमायलॉइड नांवाचें प्रथिन असून आंतील गुंता टाऊ नांवाच्या प्रथिनाचा असतो, हें कळण्यास पुढें ऐंशीं वर्षें जावीं लागलीं.

३ नोव्हेंबर १९०६ रोजीं ट्यूबिंगेन येथें मनोविकारतज्ज्ञांच्या सभेंत अल्झायमर यांनीं हें सर्व निवेदन केलें. आज ज्या व्याख्यानाचा उल्लेख वैद्यकाच्या प्रत्येक इतिहासांत सांपडतो त्यावर त्या दिवशीं एकानेंही प्रश्न विचारला नाहीं. सभेचें लक्ष पुढल्या वक्त्यांकडे लागलें होतें. १९०७ सालीं त्यांनीं थोडक्या पानांचा एक लेख प्रसिद्ध केला, आणि १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथाच्या आठव्या आवृत्तींत ह्या विकारास अल्झायमर यांचें नांव दिलें. खुद्द अल्झायमर यांस हा स्वतंत्र रोग आहे याची पुरी खात्री नव्हती. म्हातारपणींच्या बुद्धिभ्रंशाचेंच हें लौकर आलेलें रूप असावें असें त्यांना वाटे. प्राग येथील ऑस्कर फिशर यांनीं १९०७ सालींच वृद्धांच्या मेंदूंत हे ठिपके अधिक विस्तारानें वर्णिले होते. त्यांचें नांव मागें पडलें, व १९४२ सालीं नाझींच्या कैदेंत त्यांचा अंत झाला. एकाचें नांव रोगास लागावें व दुसऱ्याचें विसरलें जावें, यांत केवळ गुणांचाच निवाडा होतो असें म्हणवत नाहीं.

१९१२ सालीं ब्रेस्लाउ येथें अल्झायमर यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पण तिकडे जातांना आगगाडींतच ते आजारी पडले, घशाचा विकार मूत्रपिंड व हृदय यांवर उलटला, आणि मग प्रकृति पूर्ववत्‌ झालीच नाहीं. १९ डिसेंबर १९१५ रोजीं, महायुद्धाच्या धामधुमींत, ते वारले. तेव्हां त्यांचें वय एक्कावन्न होतें. ऑगस्टा इस्पितळांत आली तेव्हां तिचें होतें तेवढेंच. फ्रँकफुर्ट येथें पत्नीशेजारीं त्यांचें दफन झालें.

चरित्र येथें संपतें, पण नांवाची गोष्ट संपत नाहीं. रोगास नांव मिळालें, तरी तें नांव योग्य ठिकाणीं लिहिलें जाईल तेव्हांच रोग्यास त्याचा उपयोग. निरनिराळ्या देशांतील डॉक्टर निरनिराळ्या भाषांत लिहितात; म्हणून प्रत्येक रोगास एक सांकेतिक अंक, म्हणजे ज्याला आपण कोड म्हणतों तो, देण्याची पद्धति आहे. तिची पहिली यादी झाक बेर्तियों ह्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानें १८९३ सालीं मांडली. गुन्हेगारांच्या शरीराचीं मापें घेऊन त्यांना ओळखण्याची पद्धत काढणारे आल्फोन्स बेर्तियों हे त्याचे बंधु. एक भाऊ गुन्हेगार ओळखीत होता व दुसरा मृत्यूचीं कारणें! आरंभीं ही यादी केवळ मरणाच्या कारणांची होती; १९४८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ती हातीं घेतल्यावर तींत सर्व आजार आले.

त्या यादीच्या दहाव्या आवृत्तींत अल्झायमर यांच्या रोगास जी ३० हा अंक आहे. पासष्ट वर्षांच्या आंत सुरू झाल्यास जी ३०.०, त्यानंतर झाल्यास जी ३०.१. यांतील जी हें अक्षर मज्जासंस्थेच्या विकारांचें आहे. पण रोगामुळें जो बुद्धिभ्रंश होतो तो मनोविकारांच्या प्रकरणांत, एफ ०० ह्या अंकाखालीं येतो. पहिल्या अंकास कट्यारीची खूण व दुसऱ्यास तारका असते. तारकेचा अंक एकटा कधीं लिहावयाचा नाहीं, त्याच्या आधीं मूळ रोगाचा अंक हवाच, असा नियम आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळें आलेल्या बुद्धिभ्रंशास एफ ०१, आणि कारण न कळल्यास एफ ०३. अकराव्या आवृत्तींत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, रोगाचा अंक ८ए२० व बुद्धिभ्रंशाचा ६डी८० असा आहे. हा विकार मनाच्या प्रकरणांत ठेवावा कीं मेंदूच्या, यावर ती आवृत्ति तयार होतांनाही तज्ज्ञांत वाद माजला, व अखेर बुद्धिभ्रंश मनोविकारांतच राहिला. निस्सल आणि अल्झायमर रात्रीं जो प्रश्न सोडवीत बसत तोच हा.

पालकांस वाटेल, ह्या अक्षरांशीं व अंकांशीं आमचा काय संबंध? संबंध असा. आपल्या देशाच्या २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यांत स्मृतीचा गंभीर विकार हा मानसिक आजारांत धरलेला आहे, व आजार ठरवितांना मान्य वैद्यकीय प्रमाणांचा, त्यांत ह्या यादीचाही, आधार घ्यावा असें म्हटलें आहे. विमा कंपन्यांनीं मानसिक आजारासही शारीरिक आजाराप्रमाणेंच विमा द्यावा असें तोच कायदा सांगतो. तेव्हां आजोबांच्या कागदावर नुसतें म्हातारपण लिहिलें, तर त्यांच्या पदरीं काय पडणार? म्हातारपणास त्या यादींत आर ५४ हा वेगळा अंक आहे, आणि तो कोणत्याच रोगाचा नाहीं. शिवाय विसराळूपणाचें कारण दर वेळीं अल्झायमरच असतें असेंही नाहीं. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, गलग्रंथीची मंदता, मनाची खिन्नता यांनींही स्मृति मंदावते, आणि हीं कारणें वेळेवर ओळखल्यास पुष्कळदां उपाय चालतो. डॉक्टरनें नीट तपासल्याखेरीज अंक लिहितां येत नाहीं, ही अंकाची खरी किंमत.

मरणोत्तर कागदाचीही तीच कथा. रुग्णालयांत कोणी वारल्यास डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला भरतात. त्यांत वरच्या ओळींत तात्कालिक कारण, आणि खालीं त्याला कारण झालेला मूळ रोग लिहावयाचा असतो. नोंदींत मोजला जातो तो मूळ रोग. ऑगस्टेचा दाखला कोणी आज भरला व वरच्या एका ओळींतच थांबला, तर ती रक्तदोषानें वारलेली म्हणून ए ४१ ह्या अंकाखालीं जमा होईल, आणि जिच्यामुळें जगाला हा रोग कळला तीच त्या रोगाच्या हिशेबांतून गळेल. भारतांत साठीपुढील माणसांपैकीं शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लाख लोकांस बुद्धिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला आहे. असले अंदाज घरोघर जाऊन तपासणी करून काढावे लागतात, कारण कागदांवर हा रोग फार थोडा उतरतो.

ऑगस्टेचे कागद मात्र नष्ट झाले नाहींत. दोन महायुद्धें होऊन गेलीं, फ्रँकफुर्टवर बाँब पडले, तरी तिच्या माहितीचा निळ्या पुठ्ठ्याचा गठ्ठा तेथील दप्तरांत तसाच पडून होता. १९९५ च्या डिसेंबरांत डॉ. कोनराड मौरर व त्यांचे सहकारी यांना तो सांपडला. आंत अल्झायमर यांच्या हातचीं टिपणें आहेत, तिचें छायाचित्र आहे, आणि तिनें स्वतः लिहिलेले कांहीं कागदही आहेत. डॉक्टरांनीं तिला आपलें नांव लिहावयास सांगितलें होतें. तिनें श्रीमती एवढा शब्द लिहिला, व पुढचें ती विसरली. पुढचा प्रत्येक शब्द डॉक्टरांनीं पुन्हां पुन्हां सांगावा, तेव्हां तो कागदावर उतरे.